अंड्याला शिक्षा, कढईला माफी

दर रविवारी सकाळी वहिनी सहा अंडी उकडायची. सोलून झाली की दादाच्या वाट्याची दोन उभी चिरायची, चमच्याने पिवळा बलक काढून मुलांच्या ताटल्यांत टाकायची आणि उरलेल्या पांढऱ्या वाट्या मीठ-मिरपूड भुरभुरून दादापुढे ठेवायची. अकरा वर्षं हे असंच चाललं. चाळिशीत एकदा रक्त तपासलं तेव्हा ‘बलकात कोलेस्टेरॉल असतं’ असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. त्याच महिन्यात घरातलं तूपही बंद झालं. वरणभातावर तूप नसलं तर आमच्याकडे जेवण झाल्यासारखं वाटत नाही, तरी दादाने ते पाळलं.

त्याच अकरा वर्षांत सकाळच्या चहाबरोबर चार खारी आणि संध्याकाळी लोअर परळच्या छापखान्यातून सुटल्यावर स्टेशनाबाहेरचे दोन वडापाव, हा नेम एकदाही मोडला नाही. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, आणि मी तर चोवीस वर्षं भांडुपच्या एका लॅबमध्ये लोकांच्या रक्तातली चरबी मोजते आहे. एक्कावन्नाव्या वर्षी दादाला हार्ट अॅटॅक आला. वेळेत हॉस्पिटल गाठलं, दोन स्टेंट बसवले, तो वाचला. त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी त्याचे जुने रिपोर्ट चाळले आणि तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. या शहराने हृदयरोगाच्या खटल्यात आरोपी चुकीचा धरला आहे. घराघरांत अंड्याला आणि चमचाभर तुपाला शिक्षा चालू आहे. रस्त्यावरची कढई, बेकरीचा ट्रे, फरसाणाचं पाकीट यांना जाब विचारणारं कुणी नाही. तो जाब एकट्या दादाने विचारायचा नव्हता. ते काम महापालिकेचं, अन्न व औषध प्रशासनाचं आणि त्यांना कामाला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांचं आहे.

एकट्या वड्याने अॅटॅक आला असं मी म्हणणार नाही. तंबाखू त्याने सोडली होती, पण वीस वर्षं खाल्ल्यावर. ब्लड प्रेशरची गोळी तो अधूनमधून चुकवायचा. हृदयरोग एका कारणाने होत नाही. तरीही त्याचा शेवटचा रिपोर्ट नीट वाचण्यासारखा आहे, कारण तसे रिपोर्ट मी रोज छापते.

अॅटॅकच्या पाच महिने आधीचा तो रिपोर्ट. एकूण कोलेस्टेरॉल १९६. उजव्या रकान्यात छापलेलं असतं की २०० च्या आत हवं, त्यामुळे त्या आकड्यापुढे ना चांदणी, ना ठळक अक्षर. डॉक्टरांनी वरचा आकडा पाहिला, ‘छान आहे’ म्हणाले, दादा खूश होऊन घरी आला. खालच्या ओळींत वेगळंच लिहिलं होतं. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३१, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी २९०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १०७. एकूणातून एचडीएल वजा केलं की राहतो तो ‘नॉन-एचडीएल’चा आकडा, म्हणजे धमनीच्या भिंतीत जाऊन बसू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल. दादाचा आला १६५. तो १३० च्या आत असावा लागतो, धोका जास्त असेल तर त्याहूनही खाली. ही वजाबाकी तिसरीतलं पोर करील, पण रिपोर्टवर ती छापलेली नसेल तर कुणी करत नाही. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की दादाचं चांगलं कोलेस्टेरॉल इतकं खाली गेलं होतं म्हणूनच त्याची बेरीज चांगली दिसत होती.

हा एकट्या दादाचा नमुना नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिअॅब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले १४ टक्क्यांच्या आसपास. ट्रायग्लिसराइड वाढलेले साधारण ३० टक्के आणि एचडीएल कमी असलेले ७२ टक्के. म्हणजे ज्या आकड्याला आपण घाबरतो तो बहुतेकांचा बरा, आणि जे कुणी पाहत नाही ते बिघडलेलं. या बिघाडामागे बलक नाही. त्यामागे पोटावरची चरबी, बसून राहणं, मैदा, साखर आणि ताटात भाता-पोळीच्या मानाने डाळी-उसळींचा तुटवडा आहे. चहात दिवसाला चार वेळा दोन-दोन चमचे साखर घेणारा आणि अंड्याला हात न लावणारा शुद्ध शाकाहारी माणूस जेव्हा रिपोर्ट पाहून ‘पण मी तर काहीच खात नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

लॅबमधली एक गोष्ट इथे सांगायला हवी. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात, वर सीरम राहतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट पिवळं आणि स्वच्छ असतं, नळीमागे कागद धरला तर अक्षर वाचता येतं. काहींचं मात्र दुधाळ येतं, पाणी घातलेल्या ताकासारखं. त्याला आम्ही लायपेमिक सॅम्पल म्हणतो. नव्या मुली ते पाहून दचकतात, ‘मॅडम, हे बघा कोलेस्टेरॉल!’ म्हणून मला बोलावतात. मी त्यांना सांगते की ही दिसतेय ती ट्रायग्लिसराइडची चरबी. कोलेस्टेरॉल दिसत नाही. एलडीएल २५० असलेल्या माणसाचं सीरमही काचेसारखं नितळ असू शकतं. तो माणूस समोरच्या खुर्चीत बसून हसत बोलत असतो, त्याला काही दुखत नसतं, आणि मी त्याच्या हातातून सुई काढून कापूस दाबत असते.

आता अंड्याबद्दल. कोलेस्टेरॉल आपल्या शरीराला लागतंच. पेशींचं आवरण, पित्तरस, संप्रेरकं, ड जीवनसत्त्व, सगळ्यांना लागतं, आणि त्यातलं बहुतांश शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन थोडं आवरतं. अन्नातल्या कोलेस्टेरॉलच्या भीतीचं मूळ १९१३ सालात आहे. रशियात निकोलाय आनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारलं आणि सशांच्या धमन्यांत थर साचले. प्रयोग मोलाचा होता, पण ससा पाला खाणारा प्राणी. बाहेरून आलेलं कोलेस्टेरॉल आवरायची त्याच्या शरीराला सवय नाही. अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वर्षानुवर्षं होती. एका अंड्यात साधारण २०० मिलिग्रॅम असतं, म्हणून दोन अंडी म्हणजे पाप. २०१५ च्या सूचनांतून तो आकडा काढला गेला. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचं एलडीएल मुळातच वाढलेलं आहे त्यांनी बलकाचा हात राखूनच ठेवावा, पण दिवसाला एक अंडं निरोगी माणसाला बाधत नाही, हे आज पुरेसं स्पष्ट आहे. मुंबईत स्वस्तात मिळणाऱ्या चांगल्या प्रथिनांत अंड्याचा नंबर वरचा आहे. त्याचा अर्धा भाग फेकून आपण वडा खातो.

एलडीएल खरं वाढवते ती संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल उचलून आत घेतात. धक्क्यावरचे हमाल जसा माल उतरवून घेतात तसं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना हे रिसेप्टर शोधून काढल्याबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबीचा मारा वाढला की हे हमाल कमी पडतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्श्याहून कमी असते. पामतेलात जवळजवळ निम्मी. तुपात साठ टक्क्यांच्या वर, खोबरेल तेलात नव्वदच्या आसपास. म्हणजे तूपही काही अमृत नाही. पण वरणभातावरचं तूप एक चमचा असतं, आपण ते मोजून घालतो, आणि ते एकदाच गरम होतं. कढईतलं तेल किती पोटात गेलं हे कोण मोजतं?

संध्याकाळी सहानंतर कुठल्याही स्टेशनाबाहेर वड्याच्या गाडीशेजारी दहा मिनिटं उभं राहून बघा. ताजं तेल तापतं तेव्हा वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. तेल थकलं की बारीक पिवळट फेस येतो आणि कडेला साचून राहतो. तेल दाट होतं, झाऱ्यावरून सुटताना त्याची तार धरते. बेसनाचे कण तळाशी जळून काळे होतात. वरचा चुरा पावात जातो, खालचा तेलात शिजत राहतो. कढई रिकामी होतच नाही. पातळी खाली गेली की पाकीट फोडून वर नवं ओततात, त्यामुळे कालचं, परवाचं थोडं तेल कायम आतच असतं. बटाट्यातलं पाणी, हवेतला प्राणवायू आणि १८० अंशांची आच, या तिघांच्या मध्ये सापडून तेलाचे रेणू तुटतात, एकमेकांना चिकटतात, ऑक्सिडाइज होतात. या बिघडलेल्या भागाला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात आणि तो मोजता येतो. दांड्यासारखं एक यंत्र तेलात बुडवलं की अर्ध्या मिनिटात आकडा दिसतो. हिरवा, पिवळा, लाल.

कायदाही आहे. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सांगितलं की पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची ‘रुको’ नावाची योजनाही त्याच वर्षी आली. चांगला नियम, चांगली योजना. पण तेलाचा हिशेब ठेवायची सक्ती कुणाला, तर दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाऱ्याला. वड्याची गाडी एवढं तेल तळत नाही. २५ टक्क्यांची मर्यादा तिलाही लागू आहे, पण तिच्या कढईत यंत्र बुडवायला कोण येतं? दादा ज्या गाडीवर अकरा वर्षं खात होता तिथे मी नंतर जाऊन विचारलं. असं यंत्र असतं हेच मालकाला ठाऊक नव्हतं. शिवाय मोठ्या हॉटेलांनी वापरून टाकलेलं तेल लहान विक्रेत्यांकडे स्वस्तात पोहोचतं, हे खुद्द एफएसएसएआयने ही योजना आणताना मान्य केलं होतं. बड्या किचनमध्ये नियम पाळला जातो तो असा, की बिघडलेलं तेल तिथून निघून गरिबाच्या वड्यात येतं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. गाडीवाला पामतेल वापरतो ते स्वस्त असतं म्हणून, हे खरं. पण ते टिकतंही. संपृक्त चरबी जास्त असल्याने ते आचेला लवकर फुटत नाही. सूर्यफुलाचं तेल आकड्यांत हृदयाला चांगलं, पण दिवसभर उकळत ठेवलं तर ते पामतेलाहून आधी बिघडतं. म्हणजे एलडीएल वाढवणारं तेल कढईत शहाणं वागतं आणि हृदयाला बरं तेल कढईत वेडं होतं. ‘सगळ्यांनी सूर्यफूल वापरा’ असा फतवा काढून हा पेच सुटणार नाही. शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन तेल हा मधला मार्ग आहे, पण ते महाग. आणि कुठलंही तेल घेतलं तरी ते वेळेवर बदलावं लागतं. बदलायचं तर जुन्याचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत, नाहीतर पंधरा-वीस रुपयांना वडापाव विकणारा माणूस तेल फेकून देईल कशाला?

माझ्या रागाला आशेची एक बाजूही आहे. ट्रान्स फॅटचं उदाहरण बघा. वनस्पती तुपाचा या शहराशी जुना संबंध. शिवडीला त्याचा कारखाना १९३० च्या दशकात सुरू झाला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत लाडवांपासून खारीपर्यंत ते घरोघरी गेलं. शुद्ध शाकाहारी, स्वस्त, साजूक तुपासारखं रवाळ. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना जी ट्रान्स चरबी तयार होते ती एलडीएल वाढवते आणि त्याच वेळी एचडीएल खाली आणते, हे नंतर कळलं. संपृक्त चरबीही एवढा दुहेरी घाव घालत नाही. कळल्यावरही लोकांनी स्वतःहून खारी सोडली का? नाही सोडली. बदल झाला तो नियमाने. भारतात खाद्यतेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. कोट्यवधी लोकांच्या कोट्यवधी संकल्पांनी जे झालं नसतं ते एका आकड्याने सुरू केलं. सुट्या मालाच्या बाबतीत अंमलबजावणी अजून कच्ची आहे आणि खारीत आता पामपासून बनवलेली घट्ट चरबी आली म्हणून ती काही औषध झालेली नाही. पण दिशा हीच. माणसाच्या निग्रहावर भिस्त ठेवण्याऐवजी त्याच्यापुढे येणारं अन्न बदलायचं.

लोक दोन बाजूंनी मला आडवे येतात.

पहिले म्हणतात, आमचे आजोबा वाटीवाटीने तूप प्यायचे, नव्वद वर्षं जगले. जगले असतील. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. जे गेले त्यांच्या गोष्टी सांगायला नातवंडंच राहिली नाहीत. जे नव्वदीला पोचले ते दिवसाला दहा मैल चालत होते, पाकीटबंद काही खात नव्हते आणि तूप त्यांना सणावारी मिळत होतं. ‘खाईन तर तुपाशी’ ही म्हण पडली ती तूप दुर्मीळ होतं म्हणून.

दुसरे जास्त धोकादायक. ते म्हणतात, कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे, गोळी बंद करा, रोज सकाळी कोमट पाण्यात अमुक घ्या. सकाळी ट्रेनमध्ये हे व्हिडिओ मोठ्या आवाजात चालू असतात. त्यांना माझं उत्तर गोळीपासून सुरू होत नाही, जन्मापासून होतं. काही माणसं पीसीएसके९ नावाच्या जनुकात एक बदल घेऊन जन्मतात. त्यांच्या यकृतावर एलडीएल उचलणारे ते हमाल जास्त टिकतात, म्हणून एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एलडीएल सरासरी २८ टक्के कमी, आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. त्यांना कुणी गोळी विकलेली नव्हती. उलट बाजूने, साधारण अडीचशेत एक माणूस जन्मतःच एलडीएल फार जास्त घेऊन येतो. त्यांच्या पापण्यांजवळ कधी पिवळसर उंचवटे दिसतात, आणि तिशी-चाळिशीत त्यांना अॅटॅक येऊ शकतो. त्यांनी बलक खाल्ला काय, न खाल्ला काय, त्यांना औषध लागणारच. आहार काटेकोर बदलला तरी बहुतेकांचं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी तीस ते पन्नास टक्के. १९९४ च्या स्कॅन्डिनेव्हियन चाचणीत हृदयरोग असलेल्या ४,४४४ लोकांना सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. पाच वर्षांत औषध घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. अॅटोरव्हास्टॅटिन आज जनऔषधी दुकानात काही रुपयांना मिळतं. ज्याला ते लिहून दिलं आहे त्याने एखादा व्हिडिओ पाहून ते बंद करू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. आमच्याकडे अशी माणसं सहा महिन्यांनी परत येतात, आकडा पुन्हा वर गेलेला असतो. काही परत येत नाहीत.

आणि हे सगळं पन्नाशीत सुरू होत नाही. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही म्हणतात, धमन्यांचंही तसंच आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय बावीस, आणि चारांत तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत थर साचायला लागले होते. आपल्याकडे तर घड्याळ आणखी पुढे आहे. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांवरचा ‘इंटरहार्ट’ अभ्यास आला. पुढे त्यातली दक्षिण आशियाई माणसं वेगळी काढून पाहिली तेव्हा पहिल्या अॅटॅकचं सरासरी वय निघालं ५३. बाकीच्या देशांत ते ५९ होतं. त्याच अभ्यासाने दाखवलं की कोलेस्टेरॉलच्या कणांचं बिघडलेलं प्रमाण, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू पिण्या-न पिण्याची सवय अशा नऊ गोष्टींत जगभरच्या अॅटॅकचा नव्वद टक्के धोका सामावतो. म्हणजे दादाचं नशीब फुटकं नव्हतं. त्याचा अॅटॅक बराचसा आधी दिसण्याजोगा होता.

महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत मुंबईतल्या प्रौढांपैकी तिघांत एकाला उच्च रक्तदाब आणि साधारण पाचांत एकाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आढळलं. पुरेशी फळं-भाज्या न खाणारे नव्वद टक्क्यांहून जास्त. हा आकडा वाचून ‘लोकांना अक्कल नाही’ म्हणणं सोपं आहे. कसाऱ्याहून किंवा विरारहून पहाटे निघून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या बाईने पालेभाजी कधी निवडायची? स्टेशनाबाहेर पाच मिनिटांत, उभ्या उभ्या, खिशाला परवडेल असं काय मिळतं? वडापाव, भजीपाव, समोसा, शेव. हे पदार्थ मला आवडतात, त्यांच्यावर बंदी आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच फूटपाथवर उकडलेल्या अंड्यांची, वाफवलेल्या मक्याची, मटकीच्या उसळीची, भाजलेल्या चण्या-शेंगदाण्यांची गाडी लावायला परवाना आणि जागा मिळाली तर लोक ते खात नाहीत असं कुणी पाहिलं आहे? चणे-शेंगदाणे या शहराने कायम खाल्ले. बांगडा आणि तारली कोळणींच्या पाटीत सुरमई-पापलेटापेक्षा कितीतरी स्वस्त असतात, आणि हृदयाला लागणारी ओमेगा-३ चरबी त्यांच्यात भरपूर असते. मात्र बांगडा रवा लावून त्याच थकलेल्या तेलात तळला की निम्मी कमाई गेली. तव्यावर थोड्या तेलात किंवा तिखल्यात खावा.

मला महापालिकेकडून आणि राज्याकडून हव्या असलेल्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक वॉर्डात तेल मोजणारी दोन-चार यंत्रं आणि ती घेऊन फिरणारी माणसं. पहिल्यांदा लाल दिसलं तर दंडाची पावती नको, तेल जप्त करून त्याचा ठरलेला भाव तिथल्या तिथे हातात. गाडीवाल्याला यात शत्रू करून चालणार नाही. दुसरं, महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’सारख्या केंद्रांत, जिथे रक्त तपासण्या मोफत होतात, तिथे पंचविशीच्या प्रत्येकाची एकदा लिपिड तपासणी, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. ज्याच्या वडिलांना किंवा आईला लवकर अॅटॅक आला त्याला तर घरी निरोप पाठवून बोलवायला हवं. आणि रिपोर्टवर नॉन-एचडीएलचा आकडा ठळक छापलेला, मराठीत एका ओळीच्या अर्थासह. हे शेवटचं काम आम्ही लॅबवाले उद्यापासून करू शकतो. मी आमच्या लॅबमध्ये भांडून ते करून घेतलं आहे. तिसरं, पाकिटांच्या दर्शनी बाजूवर मीठ, साखर, संपृक्त चरबी यांचा इशारा. चिलीने २०१६ पासून काळे अष्टकोन छापायला लावले, तिथलं लहान पोर दुकानात ते वाचतं. आपल्याकडे एफएसएसएआयमध्ये वर्षानुवर्षं चर्चाच चालू आहे, आणि तोवर शेवेच्या पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात ‘खाद्य वनस्पती तेल (पामोलीन)’ एवढं वाचायला मला चष्मा लागतो.

याला ‘गरिबाच्या तोंडचा घास हिसकावणं’ म्हणणारे भेटतात. वडापाव हा कष्टकऱ्यांचा पदार्थ, त्याला हात लावू नका. मला हे पटत नाही, कारण यातली माणसं माझी आहेत. दादा छापखान्यात शाईने हात काळे करून ते दोन वडापाव खात होता. ज्याच्याकडे पैसे आहेत तो एअर फ्रायर घेईल, डाएटिशियन गाठेल, नको तिथे खाणार नाही. कढईतल्या तेलावर देखरेख हवी आहे ती ज्याला दुसरीकडे खाण्याची सोय नाही त्याच्यासाठी. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकताना आपण कुणाच्या घासावर गदा आणतो असं म्हणत नाही.

फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण केलं. केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण भारतातलं ते पहिलं धाडस होतं आणि ते महापालिकेच्या रुग्णालयात झालं. ज्या महापालिकेच्या डॉक्टरांनी हे केलं, त्या महापालिकेला कढईत एक दांडा बुडवणं जड जाऊ नये. केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर दादा राहतो.

तो आता बलकासकट अंडं खातो, आठवड्यातून चार. वरणभातावर अर्धा चमचा तूप. स्टॅटिनची गोळी रात्री, न चुकता, वहिनी समोर उभी असते. एलडीएल ५८ वर आलंय. एचडीएल अजून ३४, ते सहजासहजी हलत नाही, पण तो रोज सकाळी पाऊण तास चालतो. वडापाव महिन्यातून एकदा. गाडी तीच, त्याला दुसरीकडचा आवडत नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याबरोबर मीही गेले. रात्रीचे साडेनऊ झाले होते, गाडी आवरत होती. मालक जाड फडक्यातून उरलेलं तेल पत्र्याच्या डब्यात गाळत होता. चहाच्या रंगाहून काळं, तळाशी बेसनाचा चिखल. मी विचारलं, याचं काय करता? म्हणाला, “थोडं उद्या घालतो ताई, उरलेलं एक माणूस किलोवर घेऊन जातो. तो पुढे कुठे नेतो ते मला नाही माहीत.” मी त्याला यंत्राबद्दल पुन्हा सांगितलं, लाल-हिरव्या दिव्याबद्दल, बायोडिझेलबद्दल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, डब्याचं झाकण दाबलं आणि म्हणाला, “मोजायला येऊ दे की. कढई मी स्वतः पुढे करीन. फक्त आलेल्या माणसाने हे तेल घेऊन जावं आणि त्या किलोवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त द्यावेत.”